पहिल्या गाडीचा तास

वैशे, परवा कॉलेजच्या फाटकावर तुझा फ्लेक्स लागला. तुझा तो ओळखपत्रावरचा फोटो, ज्याला तू 'चौकीतला फोटो' म्हणायचीस, तोच ताणून मोठा केलाय. खाली गुलाबी अक्षरांत लिहिलंय, 'स्मृतिशेष वैशाली मॅडम स्मृती उपचारात्मक अध्यापन वर्ग'. स्मृती दोनदा आहे, अक्कल एकदाही नाही. तुझ्या एका अंगाला आपले प्राचार्य, दुसऱ्या अंगाला संस्थेचे सचिव, दोघंही हात जोडून उभे, आणि दोघंही तुझ्यापेक्षा मोठे छापलेत. मी गाडी बाजूला लावून ते वाचलं आणि फाटकातच अशी शिवी घातली की शिपाई टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटलं मी तुला नमस्कार करतेय.

उपचारात्मक! ह्या शब्दावरून तू किती भांडलीस. 'उपचार दुखण्यावर करत्यात, पोरं काय आजारी पडल्यात का?' असं तू भर मीटिंगमध्ये विचारलं होतंस. तेव्हा प्राचार्य साहेब म्हणाले होते, मॅडम, वरून आलेला शब्द आहे, आपण बदलू शकत नाही. आता तुझ्या तोंडाखालीच तो लिहून ठेवलाय, आणि तुला खोडता येत नाही. मेल्यावर माणसाची अशी सोय करतात आपल्याकडे.

तुझ्यावरही राग आहे माझा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गोड बोलायला मोकळी. ताप अंगावर काढलास. 'सहामाही झाली की दाखवते डॉक्टरला' म्हणालीस. कोणाची गं ही सहामाही, आणि कोणावर हे उपकार? असो.

तुझ्या गावी भोंगवलीला, जलदानविधीला सगळं कॉलेज आलं होतं. सगळं म्हणजे, साहेब जाणार असले की जेवढं येतं तेवढं. बुद्धवंदना झाली, भंतेजी फार थोडं आणि नीट बोलले. ते तिथंच संपायला हवं होतं. पण आपल्या भागात माणूस गेलं की मागोमाग माईक येतो. आमच्यात दशक्रियेला येतो, तुमच्यात जलदानाला येतो, ह्या एका बाबतीत गावात कसलाही भेद उरलेला नाही. ज्यांनी जिवंतपणी तुझ्याकडं धड पाहिलं नाही, ते एकेक जण येऊन तुझ्यावर बोलत होते. एकानं तर गणिताच्या तुला इतिहासाची प्राध्यापिका करून टाकलं.

मग आपले साहेब उठले. रुमाल काढला, डोळ्याला लावला, आणि म्हणाले, "मॅडमच्या सकाळच्या तासामागं मी पहिल्या दिवसापासून खंबीरपणे उभा होतो."

मी तुझ्या आईजवळ खाली सतरंजीवर बसले होते. आईंनी मला कोपरानं ढोसलं. "कोन गं ह्यो? लई भरून आलंय त्येला."

"प्राचार्य आहेत, आई."

"ह्योच का त्यो नोटिसा धाडनारा?"

आईंना ऐकू कमी येतं म्हणून त्या मोठ्यानं बोलतात, तुला माहीतच आहे. पुढच्या दोन रांगा वळून बघायला लागल्या. साहेब खोकले, पाणी प्यायले, आणि निर्लज्जासारखे पुढं बोलत राहिले. मला हसू फुटलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. खरं तर मी फिरवायला हवा होता.

त्याच भाषणाच्या शेवटी त्यांनी घोषणा केली. तुझं काम पुढं चालवण्यासाठी कॉलेज तुझ्या नावानं वर्ग सुरू करणार. कच्च्या विद्यार्थ्यांची यादी सूचनाफलकावर लागणार, आणि वर्ग भरणार रोज दुपारी साडेचारला, नियमित तास संपल्यावर. टाळ्या पडल्या, वैशे. तुझ्या जलदानाला टाळ्या पडल्या.

मंडपाच्या मागं कोमल उभी होती. तुझी कोमल, वेल्ह्याकडच्या वरच्या गावातली, आता दुसऱ्या वर्षाला आहे ती. तिच्यामागं तिची धाकटी बहीण सीमा, ह्या वर्षी पहिल्या वर्षाला आलेली. दोघी पहाटे घरून निघून, भोरला उतरून, तिथून दुसरी गाडी धरून आल्या होत्या. कोमलनं माझा पदर धरला आणि विचारलं, "मॅडम, आता सकाळचं कोन घेनार? सीमाची सहामाही हाय. आप्पा म्हनत्यात, एक विषय जरी ऱ्हायला तरी घरी बस, पास काढायचा न्हाई."

"बघते हं," म्हणाले मी. काय बघणार होते, कोणास ठाऊक. सीमाच्या डोळ्यांकडं बघवेना मला.

तुला आठवतंय हे सगळं सुरू कसं झालं? मला चांगलं आठवतंय, कारण मी तेव्हाही तुझ्यावर हसले होते. वेल्ह्याकडून येणारी पहिली एसटी स्टँडवर फार लवकर लागते. पोरं कॉलेजात येऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसायची, डबा उघडायची, मोबाईल बघायची. वर्ग उघडायला बराच अवकाश. आणि परत जायची गाडी अशी, की शेवटचा तास संपला रे संपला की पळायचं, नाहीतर मग टेम्पोवाल्याच्या हातापाया पडा. आणि आपल्या विद्वानांनी कच्च्या पोरांचा वर्ग कधी ठेवला होता? शेवटच्या तासानंतर. म्हणजे ज्यांच्यासाठी वर्ग ती पोरं गाडीत, आणि वर्गात कोण, तर ज्यांचं घर भोरात आणि ज्यांना तो वर्ग नकोच होता ते. वर्षानुवर्षं हे असं चाललं होतं. एकालाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही, कारण वहीवर तास भरलेला दिसत होता.

शिवाय त्या वर्गात शिकवायचे काय, तर पाचवीपासून सगळं. कॉलेजात आलेल्या, मिशी फुटलेल्या पोराला पुन्हा अपूर्णांकाच्या पोळ्या कापून दाखवायच्या. तो सातवीपर्यंत येईतो वर्ष संपायचं, आणि नेहमीच्या वर्गात तोवर चक्रवाढ व्याज शिकवून झालेलं असायचं. मग नापास झाला की म्हणायचं, बघा, एवढे जादा तास घेतले तरी ह्यांच्या डोक्यात शिरत नाही.

तू हे उलटं केलंस. सकाळी पहिल्या गाडीची पोरं पायरीवर बसलेली असायची, तिथंच तू जाऊन बसलीस. आणि मागचं शिकवायच्या ऐवजी पुढचं शिकवायला लागलीस. आज वर्गात जे होणार, ते ह्यांना सकाळीच सांगून ठेवायचं. चक्रवाढ व्याज असेल तर त्याला लागते तेवढी शेकडेवारी आज, बाकीची जेव्हा लागेल तेव्हा. यादी नाही, परीक्षा नाही, कुणाला कच्चा म्हणायचं नाही. ज्याची गाडी लवकर येते तो बसेल, आणि भोरातला कुणी आला तरी सरकून जागा द्यायची.

कोमलचा पहिला दिवस मी लांबून ऐकला होता. माझी त्या दिवशी ग्रंथालयाची ड्युटी होती म्हणून लवकर आले होते, उगाच गैरसमज नको. ती म्हणाली, "मॅडम, मला गनितातलं कायबी येत न्हाई." आपल्यातला दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मग कॉमर्सला आलीसच कशाला? तू म्हणालीस, "कायबी कसं न्हाई? कुठवर येतंय ते सांग. बायांना एसटीचं अर्धं तिकीट झालंय, ते अर्धं काढता येतं का?"

"व्हय, ते येतं की."

"मग पन्नास टक्के येतात तुला. तिथनंच धरू."

कुठवर येतंय, आणि तिथनंच धरू. एवढीच तुझी सगळी पद्धत. मी तुला म्हटलं होतं, हे काय गं, ह्याला काय पद्धत म्हणायचं? पण थोड्या दिवसांनी तुझ्या वर्गात मजा सुरू झाली. प्रश्न विचारला की मागच्या बाकांवरचे हात आधी वर. पायरीवरची पोरं उत्तर देतायत आणि पुढच्या बाकांवरची भोरातली पोरं मागं वळून बघतायत. एकानं तर कोमलला विचारलं म्हणे, तू पुण्यात कुठला क्लास लावलायस? तू हे मला सांगताना इतकी हसलीस की तुझा चहा सांडला. त्या हसण्याबद्दल मी तुझी ऋणी आहे, वैशे. आपल्या स्टाफरूममध्ये दुसरं काही हसण्यासारखं नव्हतं. हसण्याच्या लायकीचे पुष्कळ होते, पण ते वेगळं.

त्या स्टाफरूमचं एकदा लिहायलाच हवं. तू वर्ग सुरू केलास तेव्हा आपला एक अतिविद्वान सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाला, "शालन मॅडम, ती तिच्या पोरांसाठी करतेय, तुम्ही कशाला मध्ये पडता?" तिच्या पोरांसाठी, म्हणजे काय ते त्यानं न बोलता डोळ्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "चला, दाखवते," आणि त्याला हाताला धरून व्हरांड्यात नेलं. पायरीवर त्याच्या स्वतःच्या भावकीतली दोन पोरं बसली होती. तोंड पाडून परत आला. मी तुला हे रागारागानं सांगितलं, तर तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे गं. आज पायरीपर्यंत आला, उद्या बसंलसुद्धा." बसला कसला, दुसऱ्या दिवशीपासून तो मागच्या जिन्यानं जायला लागला.

आणि ते पुण्याहून आलेले तज्ज्ञ! दिवसभराची कार्यशाळा, 'उपचारात्मक अध्यापनातील नवे प्रवाह'. गृहस्थ पडद्याकडं बघून वाचत होते. अकरा वाजता लाईट गेली, तसा त्यांचा आवाजही गेला. जनरेटर येईपर्यंत आपण त्यांच्याकडं आणि ते आपल्याकडं बघत बसले. तू उठून विचारलंस, "सर, तोवर आमच्या पोरांशी बोलता का? बाहेर बसलीत." ते म्हणाले, पुढच्या सत्रात बघू. पुढचं सत्र म्हणजे श्रीखंड-पुरी होती.

आपलं भांडण मात्र खरं होतं. ते मला इतरांच्या रांगेत बसवू नकोस. माझं म्हणणं होतं आणि अजूनही थोडं आहे, की पाया कच्चा ठेवून वर चढवलं तर पोरगं केव्हातरी आपटतं. माझ्या इंग्रजीत तर उघडच दिसतं. ज्याला एक वाक्य धड लिहिता येत नाही, त्याला निबंध कसा शिकवणार? तू म्हणालीस, "माहेरी विहिरीवर तुला पोहायला कसं शिकवलं?"

"कसं म्हणजे? पाठीला डबा बांधला आणि चुलत्यानं ढकललं."

"विहिरीतच ना? का आधी वर्षभर अंगणात हातपाय हालवायला लावलं?"

"अगं, डब्याची दोरी सुटली म्हणजे कळतं!"

"दोरी बांधायलाच तर मी सकाळी येते," म्हणालीस. "तू पण ये की. तुझ्या निबंधाला लागतात तेवढीच वाक्यं सकाळी कर. मग बघू कोण बुडतंय."

मी म्हटलं, त्या वेळेला माझी भाकरी तव्यावर असते. तू म्हणालीस, भावोजींना दोन हात दिलेत ना देवानं? मी म्हटलं, तू देव कधीपासून मानायला लागलीस? असं ते भांडण दर वेळी कुठंतरी भलतीकडंच जायचं आणि आपण दोघी कॅन्टीनला. ते तसंच अर्धं राहिलं. आता मी दोन्ही बाजूंनी एकटीच भांडते आणि दोन्ही बाजूंनी हरते.

मूल्यांकन समितीची गंमत तर मी मेले तरी विसरणार नाही. साहेबांना 'मंदगती विद्यार्थ्यां'ची यादी हवी होती, समितीला दाखवायला. तू दिली नाहीस. "माझ्याकडं मंदगती कुनी न्हाई साहेब, गाडी तेवढी मंदगती हाय," म्हणालीस आणि तासाला निघून गेलीस. मग साहेबांनी आपली बुद्धी चालवली. शेवटच्या तासानंतर बॅनर बांधला, 'मंदगती विद्यार्थ्यांसाठी विशेष वर्ग', फोटोवाला बोलावला, आणि बघतात तर वर्गात चिटपाखरू नाही. पोरं गाडीत. शिपायाला सांगितलं, जा, सापडतील ती पोरं धरून आण. आता त्या वेळेला कॉलेजात सापडणार कोण? ग्रंथालयात अभ्यास करत बसलेली हुशार पोरं. त्यांना आणून बॅनरखाली बसवलं, फोटो काढला, अहवालात लावला, आणि वर हौस म्हणून फाटकावर फ्लेक्सही लावला.

पुढच्या बाकावर मधोमध, दोन वेण्या, संस्थेच्या सचिवांची मुलगी.

भोरातल्या दोन पिढ्यांनी तो फ्लेक्स वाचला असेल. बाजारात लोक सचिवांना गाठून विचारायला लागले, का हो, पोरीचं काही कमी-जास्त आहे का? तिला बघायला येणारी मंडळी येता येता राहिली असंही ऐकलं. सचिव कॉलेजात आले ते पेटलेलेच. साहेबांनी काय करावं? ही सगळी चूक वैशाली मॅडमची, त्यांनी यादी दिली नाही म्हणून हा प्रसंग आला! आणि तुला नोटीस. वर, कॉलेजच्या वेळेआधी विनापरवानगी तास घेता, त्याचा खुलासा करा, हे जोडून. म्हणजे पाठीशी खंबीर उभे होते ते हे असे.

त्या नोटिशीनं तू हसलीस, पण मला माहीत आहे तुला लागलं होतं. त्या दिवशी तू डबा उघडला नाहीस. मी माझी भाकरी तुझ्यापुढं सरकवली. त्या वेळी बोलायला हवं होतं की, वैशे, तू जे करतेस ते बरोबर आहे. भांडणात हरल्यासारखं होईल म्हणून नाही बोलले. आता लिहिते आहे, तर वाचायला तू नाहीस.

आणि तो तुझा शेवटचा फोन. आवाज खोल गेलेला, मागं दवाखान्यातली भांडी वाजत होती. म्हणालीस, "शालन, दोन-तीन दिवस सकाळचं बघशील का गं? सीमाचं अर्ध्यावर आलंय."

मी म्हटलं, "मला कुठं गणित येतंय?"

तू म्हणालीस, "कुठवर येतंय?"

मला वाटलं तू चेष्टा करतेस. "गप पड आता," म्हटलं आणि फोन ठेवला. तू चेष्टा करत नव्हतीस. उत्तरासाठी थांबली होतीस.

काल त्या वर्गाचं उद्घाटन झालं. साडेचार वाजता, रिबीन, नारळ, तुझा चौकीतला फोटो, त्याला झेंडूचा हार. सूचनाफलकावर यादी लागलीच होती, सगळ्यात वर सीमाचं नाव, 'मंदगती' ह्या मथळ्याखाली. पोरगी दिवसभर त्या भिंतीच्या बाजूनं गेली नाही. सगळा स्टाफ जमला, सचिव आले, फोटोवाला आला. बाकं रिकामी.

साहेब माझ्याकडं वळले. "मॅडम, विद्यार्थी कुठं आहेत?"

"गाडीत, साहेब. घरी चाललेत."

"मग वर्गाला कोण बसणार?"

"हेच वैशाली तुम्हाला विचारायची," म्हटलं मी.

शिपायाला ग्रंथालयाकडं पिटाळलं. पण ह्या वेळी हुशार पोरं खरंच हुशार निघाली. शिपाई दिसताच सगळी मागच्या दारानं पसार, सचिवांची मुलगी सगळ्यात पुढं. साहेबांनी घड्याळ बघितलं, सचिवांनी साहेबांकडं बघितलं, आणि मग जे झालं त्याला तू हवी होतीस गं! साहेब म्हणाले, "स्टाफनंच बसून घ्या. फोटो मागून घ्या, म्हणजे चेहरे दिसणार नाहीत."

आणि बसले, वैशे! पीएच.डी. झालेली, पदोन्नती घेतलेली, तुझ्या जलदानाला टाळ्या वाजवणारी माणसं मुकाट्यानं पोरांच्या बाकांवर कोंबून बसली, फळ्याकडं तोंड करून. तो मागच्या जिन्याचा विद्वानसुद्धा. फोटो रात्री ग्रुपवर आला. 'मंदगती विद्यार्थी मन लावून अभ्यास करताना', आणि फोटोत एका रांगेत चार टकली. मी बसले नाही. दाराशी उभी राहून तुझ्या फोटोकडं बघत होते. त्यांची मला कीव यायला हवी होती, पण नाही आली. तू असतीस तर तुला आली असती, हा तुझ्यातला दोष होता.

आज सकाळी भाकऱ्या ह्यांच्यावर टाकून निघाले. शिवऱ्याच्या घरापासून भोरपर्यंत गाडीवर थंडीनं बोटं आखडली. पोचले तर पहिल्या गाडीची पोरं पायरीवर बसलेली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मोबाईल खिशात ठेवून बसलेली. तुझ्या नावाच्या वर्गाला कुलूप. शिपाई म्हणाला, "साडेचारच्या आधी उघडायचा न्हाई अशी ऑर्डर हाय, मॅडम. काय करू?" म्हटलं, काही करू नकोस, त्या नावाला कुलूपच बरं.

मी पायरीवर बसले आणि माझं इंग्रजी सुरू केलं. दहा वाजता मला अर्जाचा मायना शिकवायचा होता, त्याला लागतील तेवढीच वाक्यं घेतली, चारच. पोरांनी ती पटापट उचलली. एवढ्या सहज उचलली की मला तुझा रागच आला. पण पहिला तास गणिताचा होता. तुझ्या जागी तासिका तत्त्वावर एक नवा पोरगा घेतलाय, बिचारा फळ्याशीच बोलतो. तो आज चक्रवाढ व्याज घेणार होता, आणि मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. पोरं माझ्याकडं बघायला लागली. सीमा खाली मान घालून चपलेचा पट्टा ओढत होती.

तेव्हा कोमल उठली. दुसऱ्या वर्षाची, तिचं हे सगळं गेल्या वर्षी होऊन गेलेलं. ओढणी खोचली, फरशीवर खडूनं शंभर लिहिले आणि एकेकाला विचारायला लागली. कुठवर येतंय? कोणी म्हणालं गुणाकार, कोणी म्हणालं सरळव्याज. सीमा हळूच म्हणाली, "अर्धं तिकीट." कोमल हसली नाही, मान डोलावली. असं करत करत पायरीच्या टोकाला आली. तिथं मी बसले होते.

ती थबकली. मग तुझ्याच आवाजात, तुझी शपथ, तुझ्याच आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमाला कुठवर येतंय?"

त्या दिवशी फोनवर तुला द्यायचं राहिलं ते उत्तर मी तिला दिलं. "शेकडेवारीपर्यंत येतंय गं. पुढचं नाही येत."

"मग तिथनंच धरू," कोमल म्हणाली, आणि सीमानं सरकून मला जागा दिली.